ट्यूबलाइटचे चार अंगरखे

राहात्याच्या पेठेत ट्यूबलाइटला कपडे शिवणारा शिंपी एकच, आमचे सोपानअण्णा. दुकानात नवी ट्यूब लागली त्याच दिवशी त्यांनी तिला मांजरपाटाचे चार अंगरखे चढवले, एकावर एक, काज-बटणांसकट. लोक अशा वेळी पेढे वाटतात, या गृहस्थाने ट्यूब झाकली!

कारण काय, तर मासे. नगरहून नुकतीच आणलेली काचेची पेटी दुकानात होती. तिच्यात थोडे लाल मासे आणि पाणगवत.

"बारक्या बल्बाची सवय हाय त्यास्नी, मास्तर. एकदम लख्ख उजेड पडला तर गवत करपंल, मासं भेदरत्याल. दमानं घ्यायचं. दर बाजाराला एक अंगरखा काढायचा."

दमानं! हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या अंधारात अण्णांनी माझ्या पांढऱ्या शर्टाला तपकिरी बटणं लावली. हेडमास्तरांच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या. बोलायला जावं तर उलट आपल्यालाच, "माप घेताना तुमी लई हालत हुता!"

कुणी काच वाजवली की ते खेकसायचे, "हात मागं!" आणि पेटीमागच्या कोपऱ्यात काजं करणाऱ्या सुमनकडे बघून कुणी "पोरगी सासरी कधी जायची?" विचारलं, की त्याचं कापड न शिवताच परत. सुमन ही अण्णांची एकुलती मुलगी. जामखेडकडे दिली होती. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला माघारी पाठवलं. दुकानात ती मान वर करत नसे.

शेवटचा अंगरखा उरला होता तेव्हा मी नवी पँट घालून पाहिली. एक पाय घोट्यापर्यंत, दुसरा चार बोटं वर. आणि दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी! मी तसाच स्टुलावर चढलो आणि अंगरख्याचं एक बटण सोडलं.

"आज हे धडुतं काढणारच! तुमच्या माशांचं काय व्हायचं ते होऊ दे!"

अण्णांनी माझा हात धरला.

"मासं मरू द्या वो," ते हळूच म्हणाले. "लोकांनी तिकडं बघावं म्हून तर आणल्यात. पोर घराभाईर पडत न्हवती. अंधार केला तवा हितं येऊन बसली. आता एकेक कापड काढतोय, तिला कळू न देता. घाई केली तर पुन्हा आत जाईल."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी सोडलेलं बटण परत लावायला लागलो.

"काढा, मास्तर." कोपऱ्यातून आवाज आला. "मला सुईत दोरा ववता यीना. आन् अण्णा, मला पयल्यापासनं समदं कळतंय."

मी अंगरखा काढला. दुकानभर लख्ख उजेड पडला. सुमन उठली, पदर सारखा केला आणि रस्त्याकडे तोंड असलेल्या मशीनवर येऊन बसली.

"पँट ठिवून जा हितं. मी नीट करते."

अण्णांनी अंगरख्याची घडी घातली, त्यालाच डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसले, "माझ्याकडं काय बघता? तिकडं मासं बघा!"