मोटारीतला तितूर

ईरा आणि कबीर,

मागच्या रविवारी फोनवर बोलता बोलता तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, तुझ्या खिडकीत कोणता पक्षी ओरडतोय?" मी सांगितलं, पक्षी नाही, शेजारच्या अण्णांच्या जुन्या मोटारीचं वेग दाखवणारं मीटर आहे. त्यावर तुम्ही इतके हसलात की पुढचं राहूनच गेलं. तुमची झोपायची वेळ झाली होती, माझी भाजी आणायची. अर्धी राहिलेली गोष्ट मला उघड्या राहिलेल्या डब्यासारखी टोचत राहते. म्हणून आज घरातलं सगळं आवरून लिहायला बसले आहे. क्रमाने सांगते.

अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली असते. लोक खिशात पेन ठेवतात, अण्णा तेल ठेवतात. कुठलीही किरकिर त्यांना सोसत नाही. त्यांच्या घरातलं एकही दार बोलत नाही. आपलं फाटकही बोलत नाही, कारण एका सकाळी मी दूध घ्यायला बाहेर आले, तर अण्णा आमच्या बिजागरीपाशी उकिडवे बसलेले. "चोर न्हाई बाई, मी हाय," ते म्हणाले. "तुमचं फाटक लय रडायलं होतं." एकदा आम्ही गल्लीतल्या एका घरी भेटायला गेलो होतो. त्या घरात मृत्यू झाला होता, सगळे गप्प बसलेले. दार वाऱ्याने हलून कुरकुरत होतं. अण्णा हळूच उठले, दाराला तेल घातलं, परत येऊन बसले आणि मगच त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

त्यांचा आवडता शब्द आहे 'इत्मिनान'. हा आमच्याकडचा जुना शब्द. घाई नाही, सगळं निवांत, असा त्याचा अर्थ. अण्णा तो चहा ओततानाही म्हणतात आणि बैल उधळल्यावरही म्हणतात. "इत्मिनाननं! इत्मिनाननं!" असं ओरडत बैलामागे धावताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे.

आता मोटार. ती त्यांच्या वडिलांनी हैदराबादेतून आणलेली, कबुतरी रंगाची, गोल डोळ्यांची. अण्णा तिला बेगम म्हणतात. बेगमच्या पोटात चप्पल घालून जायचं नाही, असा नियम आहे. चपला बाहेर काढायच्या, मग बसायचं, आणि शेवटी अण्णा त्या गोळा करून डिकीत ठेवतात. एकदा आम्ही ताडकळसच्या बाजाराला गेलो, तेव्हा हे शेवटचं काम राहिलं. तिथे दार उघडल्यावर कळलं की सगळ्यांच्या चपला परभणीतच, गल्लीत ओळीने उभ्या आहेत. भर उन्हात मी, अण्णा आणि वहिनी अनवाणी. अण्णा पुढे चालत म्हणाले, "इत्मिनाननं चला. ऊन हाय, आग न्हाई." अण्णांच्या वहाणा आजही त्या दिवशी बाजारात घेतलेल्याच आहेत. लाल गोंड्याच्या. दुकानदाराकडे त्यांच्या मापाचं दुसरं काही नव्हतं.

वहिनी म्हणजे कुसुमवहिनी, अण्णांची बायको. त्यांची नजर काचबिंदूने हळूहळू गेली. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तेव्हापासून त्या ऑटोत बसत नाहीत, बसमध्ये तर नाहीच. बाहेर पडायचं ते फक्त बेगममधून, आणि जायचं ते पिंगळीला, त्यांच्या शेतावर. तेवढंच त्यांचं जग उरलं आहे. म्हणून पिंगळीची ही फेरी त्या घरात जेवणासारखी धरली जाते.

गाडीत वहिनी पुढे, अण्णांच्या डाव्या हाताला बसतात. मी मागे. आणि समोर तो तितूर. गाडी हलली की मीटर चिक चिक करायला लागायचं. वेग वाढला की चिकचिक जवळ जवळ यायची, मग तिची एक लांब किरकिर व्हायची. गल्लीने त्याला शेतात असाच ओरडणाऱ्या पक्ष्याचं, तितूर हे नाव दिलं. अख्ख्या गावाच्या बिजागऱ्या गप्प करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गाडीत हा आवाज! लोक मुद्दाम विचारायचे, "अण्णा, दाणे टाकता का न्हाई त्याला?"

हिवाळ्यातल्या त्या फेऱ्या मला स्वप्नासारख्या आठवतात. रस्त्यावर धुकं उतरलेलं असायचं. ज्वारीची कणसं तेवढी वर दिसायची, खाली ताटं आहेत की नाहीत कोण जाणे. गाडी चालते आहे की शेतंच आपल्याजवळून वाहत आहेत, हे उमगायचं नाही. मला पेंग यायची आणि पेंगेत तितूर बोलत राहायचा. मध्येच वहिनींचा आवाज यायचा, "आता फाटक आलं." मी डोळे उघडून पाहायची, तर खरंच रेल्वेचं फाटक. "आता उतार लागला." खरंच उतार. "आवो, धावायली तुमची बेगम. हळू घ्या." अण्णा म्हणायचे, "इत्मिनाननं चाललोय की." पण पाय उचलायचे. वहिनींना सवयीने कळत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या दिवाळीनंतर अण्णांनी तो आवाज घालवायचं मनावर घेतलं. आधी ते अयुबभाईंकडे गेले. अयुबभाई बाजाराजवळचे मेकॅनिक, अण्णांचे जुने दोस्त. ते म्हणाले, "अण्णा, मीटरच काढून टाको. तुमची बेगम बैलगाडीच्या मागं ऱ्हाती. मोजायचं काय त्याच्यात?"

अण्णा रागावून घरी आले आणि गाडीबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक घेऊन माझ्याकडे बसले. मी वाचून सांगितलं. चाकांचं फिरणं मीटरपर्यंत पोचवायला एक लांब तार असते, ती एका नळीत फिरते. तार कोरडी पडली की ओरडते. ती ओढून काढायची, रॉकेलने धुवायची, वंगण लावायचं, पण बेताने.

"बेतानं म्हंजे किती?" अण्णांनी विचारलं.

"ते पुस्तकात नाही."

"मग कामून छापलं हो पुस्तक?"

पुढचे काही दिवस आमची गल्ली अण्णांच्या पायांशीच बोलत होती, कारण बाकीचे अण्णा गाडीखाली असायचे. तार निघाली, धुतली गेली, परत बसली. तितूर बोललाच. परत निघाली. नळीला एक पीळ पडलेला सापडला, तो सरळ केला. मीटरच्या पाठीत खिशातल्या बाटलीतलं थेंबभर तेल गेलं. आणि एका सकाळी बेगम गल्लीतून अशी गेली, जशी मांजर स्वयंपाकघरातून जाते. अण्णांनी दोन्ही हात सोडून नमस्कार केला. गाडी नालीत जाता जाता वाचली.

त्याच सकाळी आम्ही पिंगळीला निघालो. धुकं होतंच. गाडी अगदी गप्प. अण्णा स्वतःवर इतके खूश होते की 'इत्मिनान' म्हणायचंही विसरले. मागे बसून मला वाटलं, आपण पाण्यातून जातोय. मग दिसलं, वहिनींनी दाराची कडी दोन्ही हातांनी धरली आहे.

"आवो," त्या म्हणाल्या, "गाडी उभी हाय का चालायली?"

"चालायली की! कशी मखमल झाली बघ."

वहिनींनी मान पुढे करून कानोसा घेतला. मग हळूच म्हणाल्या, "मला काईच दिसंना झालंय. रस्ताच कुठं गेला."

अण्णांनी गाडी कडेला घेतली. फाटक अजून आलं नव्हतं. मी मागच्या सीटवर बसून समोर बघत राहिले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं वहिनी रस्ता कशाने बघत होत्या. चिकचिक विरळ झाली की फाटक. एकसारखी पळायला लागली की उतार. थांबली की शेताचा बांध. अण्णांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी गाडी वळवली आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतर वहिनी निघेनात. "गुडघे दुखायलेत," म्हणाल्या. पुढच्या वेळी, "लय गारठा हाय, तुमीच जावा." अण्णा एकटे जायचे, लवकर परतायचे. घरातून 'इत्मिनान' ऐकू येईना. ओसरीवर वहिनी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दिसायच्या.

मग एका सकाळी अंगणात बघते, तर वहिनींच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर ती तार लोंबते आहे आणि अण्णा जुन्या लुगड्याच्या फडक्याने तिच्यावरचं वंगण पुसत आहेत. शेजारी रॉकेलची वाटी.

"पुन्हा काय बिघडलं, अण्णा?"

"बिघडलं न्हाई. वंगण बेताचं पायजे, असं पुस्तकात हाय ना? जरा जास्त झालतं." आणि त्यांनी तार पुन्हा वरपासून खालपर्यंत पुसली. बेताचंही उरलं नाही.

तार बसवून त्यांनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, परत आणली. आवाज नाही. उतरले, पुन्हा तार काढली, पुन्हा पुसली. सरळ केलेली नळी हाताने थोडी वाकवली. सगळ्या गावाच्या दारांना तेल घालणारा हा माणूस कान लावून किरकिर शोधत होता. तिसऱ्यांदा गाडी गल्लीत वळली, तेव्हा मी वहिनींच्या ओसरीवर भाजी चिरत होते. चिक. चिक चिक.

ओसरीवर वहिनींनी मान वळवली. अण्णांनी त्यांना हाक मारली नाही. ते नुसती गाडी घरापुढून मागे-पुढे करत राहिले. थोड्या वेळाने वहिनी उठल्या. "ताई," त्या मला म्हणाल्या, "माझी शाल देता का जरा? हे यायलेत."

आम्ही तिघं निघालो. चपला आठवणीने डिकीत गेल्या. ज्वारी पुन्हा धुक्यात बुडालेली होती. वहिनी म्हणाल्या, "आता फाटक." अण्णा म्हणाले, "इत्मिनाननं." मी मागून पाहिलं, त्यांच्या उजव्या कानात शेतातल्या कापसाचा बोळा होता. डावा कान, वहिनींच्या बाजूचा, मोकळा ठेवलेला.

तुम्ही रविवारी ऐकलात तो हाच आवाज. मोटार चालते आहे, मीटर ओरडतं आहे, आणि वहिनी पिंगळीला जातात.

तुमची आजी