आठवा रोस्टर

"कुणालाही सांगायचं नाही," असं मुलीने, लारिसाने, बजावलं तेव्हा ऑरेस्ट वासिलिक शपथेवर हो म्हणाला होता, आणि ती शपथ त्याने जवळजवळ पाळलीही. त्याने फक्त वॉल्टरला सांगितलं. वॉल्टर ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो आणि वॉरेनफील्ड गावात ट्रॅक्टर नाही असं घर नाही.

गोष्ट अशी होती. शुक्रवारी महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा ड्राफ्ट होता. आठ संघ पाळीपाळीने खेळाडू उचलणार, सहा फेऱ्या, अठ्ठेचाळीस मुली. लारिसाने अर्ज केला होता. विद्यापीठात चार वर्षं ती बचावफळीत खेळली होती. तिथे सर्वांत जास्त मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये, शिक्षेच्या बाकावर, बसण्याचा विक्रमही तिच्याच नावावर होता, कारण गोलीला, म्हणजे आपल्या गोलरक्षक मुलीला, कुणी धक्का दिला की तिचा तोल जायचा. जाणकार म्हणत होते की तिसऱ्या-चौथ्या फेरीत तिचं नाव येईल. नाहीच आलं तर सोमवारपासून धान्य तपासायच्या प्रयोगशाळेत गव्हाचा ओलावा मोजायचा. नोकरी ठरलेली होती. लारिसाला गव्हाबद्दल राग नव्हता. पण हॉकी तिला वयाच्या चौथ्या वर्षापासून हवी होती आणि गहू तेवढ्या वर्षांपासून नको होता.

"घरात आपण तिघं बसू," ती म्हणाली होती. "निवड झाली नाही तर मला रडायला माझी खोली हवी. आणि आजीला तर मुळीच सांगू नका. आजीला सांगणं म्हणजे रेडिओवर सांगणं."

बुधवारपर्यंत गावाने ठरवून टाकलं की ड्राफ्ट रिंकवर, गावच्या बंदिस्त हॉकी मैदानात, मोठ्या पडद्यावर बघायचा. जूनमध्ये रिंकवर बर्फ नसतो, नुसतं सिमेंट असतं, दोनशे माणसं आरामात मावतात. ऑरेस्टने लारिसासमोर हे कबूल केलं तेव्हा तो बुटांच्या नाड्या सोडत होता आणि त्याने मान वर केली नाही.

"किती जणांना सांगितलंत, बाबा?"

"एकाला."

"आणि येणार किती?"

"एकशे चाळीस."

त्याची बायको जेनिया कपडे घड्या करत म्हणाली, "आणि सात रोस्टर."

त्या भागात गर्दी रोस्टरवर मोजतात. रोस्टर म्हणजे लांबट, झाकणाचा, विजेवर तापणारा हंडा. एकात साठ-सत्तर होलुप्ची बसतात, म्हणजे भात भरून गुंडाळलेली कोबीची पानं. चौदाशे वॉट खातो. रिंकच्या स्वयंपाकघरात विजेच्या आठ लाइनी होत्या आणि एका लाइनवर दोन रोस्टर लावले की फ्यूजपेटीतला खटका पडायचा. ऑरेस्ट बावीस वर्षं त्या रिंकची देखभाल करत होता. लग्नं, बारशी, मयताची जेवणं, सगळ्यांत खटके पडताना त्याने पाहिले होते. म्हणून त्याने तक्ता केला. सात लाइनींवर सात रोस्टर, प्रत्येकासमोर बाईचं नाव. आठव्या लाइनवर प्रोजेक्टर, इंटरनेटचा डबा, कॉफीचा विजेवर चालणारा मोठा थर्मास आणि भिंतीवरचं घड्याळ. तक्त्याखाली त्याने लाल पेनाने लिहिलं: "याव्यतिरिक्त काहीही लावू नये."

ऑरेस्टच्या आईचं, परास्काआजीचं नाव तक्त्यात नव्हतं. तिला सांगितलेलंच नव्हतं.

शुक्रवारी पाच वाजता ड्राफ्ट सुरू झाला. पहिली फेरी आनंदात गेली, कारण पहिल्या फेरीत लारिसाचं नाव येईल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. तिसऱ्या फेरीत लोक खुर्च्या पुढे सरकवून बसले. चौथ्या फेरीत वॉल्टर प्रत्येक नावाला "ही कोण बुवा?" म्हणू लागला. पाचव्या फेरीत सगळे जेवायला लागले. लारिसा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. तिची मान हळूहळू हॉकीच्या जर्सीच्या कॉलरमध्ये उतरत होती.

"त्या पेनल्ट्यांमुळे असेल," वॉल्टर कुजबुजला.

"वॉल्टर," जेनिया म्हणाली, "तू होलुप्ची खा."

सात वाजता परास्काआजी आली. तिच्या हातात रोस्टर होता.

"केस कापायला गेले होते," ती ऑरेस्टला म्हणाली. "न्हाव्याची बायको मला विचारते, तुम्ही इथं कशा? गावातल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे, ऑरेस्ट. मला तेवढं माहीत नाही."

"आई, तसं नाही गं..."

"मला तोंड आवरत नाही, असंच ना? असू दे. पानं अजून मधून गार आहेत, कुठं लावू?"

त्याच क्षणी पडद्यावर सहावी फेरी सुरू झाली आणि ऑरेस्ट तिकडे वळला. आजीला मोकळं दिसेल तिथे लावण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कॉफीच्या थर्मासमागे प्लगचं एक भोक रिकामं होतं.

एक्केचाळिसावं नाव जाहीर झालं, आणि खट्. पडदा काळा. दिवे चालू होते, सातही रोस्टर गरम होते, फक्त आठवी लाइन मेली होती. ऑरेस्टने पेटीतला खटका वर केला. पडदा उजळला, संघाचे लोक टेबलाभोवती वाकलेले दिसले, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा खट्.

"कुणीतरी जास्तीचं लावलंय," ऑरेस्ट ओरडला. "प्रत्येकीने आपला रोस्टर काढा बरं!"

"माझा कशाला? मी तक्त्याप्रमाणे लावलाय," डोरीन म्हणाली.

"माझा तर तुझ्याहून जुना आहे, तो कमीच खातो," दुसरी म्हणाली.

"जुना जास्त खातो, बाई!"

"ऑरेस्ट, माझ्याकडे बघू नकोस, मी दोन नंबरवर आहे. हे बघ, दोन!"

सात बायका सात भोकांसमोर हात पसरून उभ्या राहिल्या. ऑरेस्टने एकेकीला विनवून एकेक रोस्टर काढायला लावला, दर वेळी खटका वर केला, दर वेळी तो पडला. ही शास्त्रीय पद्धत होती. तिच्यात दोष एवढाच, की तपासायच्या वस्तू सात धरल्या होत्या.

आठवी लाइन गेली म्हणजे इंटरनेटही गेलं. त्या पत्र्याच्या इमारतीत मोबाइलला रेंज मिळण्याची जागा एकच, पेनल्टी बॉक्स. का, ते कुणालाच कळलेलं नाही. खेळात आगळीक केलेला खेळाडू जिथे दोन मिनिटं बसतो त्या काचेआडच्या बाकावर रेंजची एक काडी येते. लारिसा तिथे धावली. तिच्यामागे वॉल्टर, आणि वॉल्टरमागे तीस माणसं. तीसही जणांनी एकाच वेळी ड्राफ्ट बघायला घेतला. एका काडीवर तीस फोन, त्यामुळे कुणालाच काही दिसेना.

"सगळ्यांनी फोन बंद करा!" जेनिया बाहेरून काच वाजवत म्हणाली. "फक्त लारिसाचा चालू!"

फोन बंद झाले. लारिसाच्या फोनवर यादी उमटली. चव्वेचाळीस नावं. पंचेचाळीस. सेहेचाळीस. सत्तेचाळीस. आणि फोन वाजला. बॉक्समध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती, तरी सगळ्यांनी तो रोखला.

"हॅलो?"

"लारिसा! मी स्तेफानिया आत्या!" आवाज एवढा मोठा की काचेबाहेरही आला. "काय झालं गं? झाली का निवड? इथं कुणी काही सांगतच नाही!"

"आत्या, फोन ठेव. आत्या, त्यांचा फोन येईल. आत्या!"

"ठेवते. ठेवते. पण आधी सांग, तू जेवलीस का?"

स्तेफानिया आत्याला कमी ऐकू येतं. फोन ठेवायला तिला पाच मिनिटं लागली.

त्या पाच मिनिटांत कधीतरी स्वयंपाकघरातला भिंतीवरचा जुना फोन वाजला होता. ऑरेस्टचं डोकं फ्यूजपेटीत होतं. तो ओरडला, "आई, फोन घे!" वाजणं थांबलं. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला तर आजी फोनखालच्या स्टुलावर बसलेली होती.

"कोण होतं?"

"कुणी नाही."

ऑरेस्टच्या आयुष्यात आईने एखाद्या प्रश्नाला इतकं छोटं उत्तर पहिल्यांदाच दिलं होतं. पण तेवढ्यात त्याला थर्मासमागची जाड काळी वायर दिसली. ती टेबलाखालून गेली होती आणि आईच्या पायाशी संपत होती.

"आई! हा रोस्टर कुणाचा?"

"माझा. मीच विचारलं होतं, कुठं लावू म्हणून. तू पडदा बघत होतास."

त्याने वायर उपटली. खटका वर केला, आणि या वेळी तो वरच राहिला. पडदा उजळला. रिकामं व्यासपीठ दिसलं, एक माणूस खुर्च्या उचलत होता, आणि खाली पट्टी होती: ड्राफ्ट संपला, धन्यवाद.

पेनल्टी बॉक्सचं दार उघडून माणसं एकेक करून बाहेर आली. शेवटी लारिसा आली. तिने फोन बंद करून खिशात टाकला होता.

"सत्तेचाळीस नावं पाहिली," ती म्हणाली. "आत्या बोलत होती तोवर संपलं. शेवटचं मी बघितलंच नाही."

"अठ्ठेचाळिसावं..." ऑरेस्टने सुरुवात केली.

"बाबा, अठ्ठेचाळिसावी निवड हॅलिफॅक्सची होती. त्यांचा माणूस मला फक्त एकदा बघायला आला होता. त्या दिवशी चौदा मिनिटं मी बाहेर बसले होते." तिने खुर्चीवरून जॅकेट उचललं. "मी म्हटलं होतं ना, कुणाला सांगू नका."

ती ओरडली असती तर ऑरेस्टला बरं वाटलं असतं. बायकांनी रोस्टरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. मयताच्या घरी जसं कुणी फोनकडे बघत नाही, तसं तिथेही कुणी बघितलं नाही. वॉल्टर उगाच एक टेबल पुसत राहिला. परास्काआजी मात्र स्टुलावर ताठ बसून होती. ओठ मिटलेले, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"आई, काय बघताय एवढं?" जेनियाने विचारलं.

"साडेसात व्हायचेत."

"आठ वाजायला आले! ते घड्याळ त्या आठव्या लाइनवर आहे. बंद पडलं होतं अर्धा तास."

आजीने घड्याळाकडे पाहिलं, मग जेनियाच्या मनगटाकडे.

"मग हे मला कुणी सांगायचं?" ती उसळून उठली. "इथं मला काही म्हणून सांगत नाहीत! लारिसा, इकडे ये. तुला घेतलंय."

"काय घेतलंय, आजी?"

"हॉकीत घेतलंय. हॅलिफॅक्सच्या बाईचा फोन होता. तुझा लागत नव्हता, म्हणून इथं केला. म्हणाली, अर्जावर बापाने हाच दुसरा नंबर दिलाय."

कुणाच्या तरी हातून झाकण सिमेंटवर पडलं.

"तिने विचारलं, लारिसा आहे का? म्हटलं, आहे, पण पेनल्टी बॉक्समध्ये."

"आई!" ऑरेस्ट म्हणाला.

"होतीच ना? का खोटं सांगू? ती म्हणाली, जूनमध्ये? म्हटलं, हो, आणि सगळं गाव आहे तिच्याबरोबर. मग ती हसत सुटली, मला कळेना काय झालं ते. मग विचारते, एवढ्या शिक्षा का होतात हो हिला? म्हटलं, गोलीला कुणी ढकललं की हिला राग येतो. तुमच्या गोलीला ढकललं तर तुम्हाला येत नाही का? मग म्हणाली, ती अर्जात लिहिलेल्या त्या गव्हाच्या नोकरीला चिकटणार की आम्ही घेतलं तर येणार? म्हटलं, चालत येईल. पण कापणीनंतर."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?" ऑरेस्टने विचारलं.

"ती म्हणाली, जाहीर होईपर्यंत कुणाला सांगू नका, साडेसातपर्यंत उरकेल. साडेसात झालेच नाहीत, त्याला मी काय करू?" आजीने पदराने घाम पुसावा तशी हातातल्या फडक्याने मान पुसली. "आणि मला पुन्हा असलं काही सांगत जाऊ नका. माणसं हे पोटात ठेवतात तरी कसं? मला तर कळ यायला लागली होती."

लारिसा पेनल्टी बॉक्सकडे धावत सुटली. या वेळी तिच्यामागे कुणी गेलं नाही, एकशे चाळीस माणसं जागच्या जागी उभी राहिली. काचेआड तिने फोन सुरू केला आणि मिस्ड कॉलमधला हॅलिफॅक्सचा नंबर फिरवला. तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण थोड्या वेळाने ती हसू लागली आणि मग रडू लागली, आणि तिला खोलीची आठवण काही झाली नाही. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "विचारत होत्या, पेनल्टी संपली का."

आजी तिथे नव्हती. भिंतीवरच्या फोनशी उभी राहून ती स्तेफानियाला ओरडून ओरडून सगळं पहिल्यापासून सांगत होती.

सोमवारी ऑरेस्टने स्वयंपाकघरातला तक्ता काढून नवा लावला. ओळी होत्या तेवढ्याच, आठ. खाली लाल पेनाने मात्र एक वेगळी सूचना होती: "लाइनी वाटण्यापूर्वी आईला सांगणे."