प्रातिनिधिक फोटो

विज्ञानात सत्य एकच असते, त्यामुळे त्याला फोटोही एकच पुरतो.

हा नियम थोरल्यांचा. थोरले म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. वीस वर्षांपूर्वी त्यांनी सिद्ध केले होते की मेंदूत निरोप झेलणारे ग्राही फक्त चेतापेशींवर असतात. आजूबाजूच्या ग्लिया पेशी म्हणजे नुसता भराव, त्यांना कोण कशाला काही कळवेल? (विद्यार्थ्यांबद्दलही त्यांचे मत साधारण हेच होते.) तो लेख चौकटीत घालून त्यांनी आपल्या खुर्चीमागे टांगला होता.

सहा वर्षे रखडलेल्या विद्यार्थिनीकडे याचीच पुन्हा खात्री करण्याचे काम होते. काचेच्या बशीत दोन्ही पेशी वाढवायच्या, ग्राहींना चिकटून चमकणारा रंग सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून हिरवे कुठे दिसते ते पाहायचे. तिने पेशींना पोटच्या पोरांसारखे जपले आणि चारशे बारा फोटो काढले. चारशे अकरांत ग्लियाही लखलखत होत्या. तिचा आनंद पोटात मावेना.

थोरल्यांनी त्या चारशे अकरांवर शांतपणे ‘धूळ’ असा शेरा मारला. आता उरलेल्या फोटोंपैकी शंभर टक्के त्यांच्या बाजूने होते.

"सर, त्या एका बशीत रंग सोडताना माझा हात चुकला. रंग ग्लियांपर्यंत पोचलाच नाही."

"म्हणजे रंगालाही कळतं, कुठं जायचं नाही ते. हाच प्रातिनिधिक."

"पण बाकीचे..."

"तुला पदवी हवीय ना?"

प्रश्न शास्त्रीय नव्हता, पण उत्तर अचूक मिळाले. घरी आईने सहा वर्षे ‘यंदा होईल’ म्हणत शेजारणींसमोर वेळ मारून नेली होती. विद्यार्थिनीने तो एकच फोटो लावलेल्या प्रबंधावर सही केली. त्या दिवशी तिला जेवण गेले नाही. स्वतःची लाज वाटत होती.

परीक्षकांनी फोटोची मनापासून स्तुती केली. (एकाने तो उलटा धरला होता.)

पदवी समारंभात मैत्रिणीने तिचे चाळीस फोटो काढले. एकोणचाळीसांत ती रडवेली होती. एकात शिंक येता येता तोंड पसरले होते. तो तिने आईला पाठवला.

"किती खुलून हसतेयस गं!" आईचा लगेच फोन आला. "भिंतीवरच लावते."

थोरल्यांचा राग आलेल्या वाचकांनी आता कृपया मान वर करावी. समोर घरच्यांचा फोटो असेल, सगळे हसत असलेला. त्याच दिवशी काढलेले बाकीचे कुठे आहेत?