सोळा कोअर आणि टेलचं पाणी

अख्ख्या इंदापुरात संगणकाच्या प्रोसेसरला पाण्याच्या पाळ्या लावून देणारा एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की तो माझं गिऱ्हाईक आहे. शंकरतात्या. पाटबंधारे खात्यातले निवृत्त कालवा निरीक्षक. म्हणजे खात्यानं त्यांना निवृत्त केलं, कालव्यानं अजून केलेलं नाही.

तात्यांनी माझ्या दुकानातून सोळा कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमध्ये सोळा गडी राबणारा, संगणक बांधून घेतला. अडुसष्टाव्या वर्षी, गेम खेळायला! बरं, गेम तरी कसला? नदी अडवायची, कालवा काढायचा, चाऱ्या पाडायच्या, शेतं भिजवायची. ज्या कामापायी जन्मभर शिव्या खाल्ल्या, तेच काम हा गृहस्थ आता स्वतःची वीज जाळून फुकट करतो.

तक्रार रोज एकच. पाणी शेवटच्या शेतापाशी आलं की गेम अडकतो. माझ्या दुकानाचं शटर वर जायच्या आत तात्या पायरीवर हजर, मोबाइलवर स्क्रीनचा फोटो तयार. फोटोत सोळा चौकोन, कुठला कोअर किती राबतोय ते दाखवणारे. पहिला छतापर्यंत भरलेला, बाकीचे तळाशी झोपलेले.

"शेठ, सोळा म्हणून दिलंत, राबतोय एकच."

मी समजावून सांगितलं. गेममधला बराच हिशेब एकामागून एकच करावा लागतो. दार उघडल्याशिवाय पाणी सुटत नाही, पाणी सुटल्याशिवाय शेत भिजत नाही. म्हणून एक कोअर मर मर मरतो. काही कामं इतरांना वाटता येतात, पण ती वाटणी गेम लिहिणाऱ्यानंच करून ठेवावी लागते.

"एका माणसाची दाढी सोळा न्हाव्यांनी करायला घेतली तर काय होईल, तात्या?"

"न्हाव्याचं मला सांगू नका. पयल्यानं सगळं पाणी वढलंय, टेल कोरडं. हेडवाल्यांची खोडच हाय ती."

हेड म्हणजे कालव्याची सुरुवात, टेल म्हणजे शेवटचं टोक. जगातल्या कुठल्याही गोष्टीला तात्या ही दोनच टोकं लावतात. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी "आधी टेलला!" असं ओरडत जिलेबी शेवटच्या पानापासून वाढायला लावली. पहिल्या पानावर वरपक्षाचे पाहुणे हात वाळवत बसले. ते मी अजून विसरलेलो नाही.

पुढं गेमवाल्यांनीच नवी आवृत्ती काढली. तिच्यात पाण्याचा हिशेब तुकडे करून मोकळ्या कोअरना वाटून दिला जात होता. मी ती तात्यांच्या संगणकावर टाकून दिली आणि सुटलो बुवा म्हणालो. चार दिवसांनी तात्या पुन्हा पायरीवर.

"आता तर पार बसलंय. जमत नसंल तर सांगा, बारामतीला जातो दुसऱ्याकडं."

खुशाल जा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण माझ्या मालाची बदनामी बारामतीपर्यंत कशाला, म्हणून रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो.

संगणकामागच्या भिंतीवर चक्क पाळीपत्रक चिकटवलेलं. कोअर सोळा आणि पंधरा, सकाळी. चौदा आणि तेरा, दुपारी. या महाभागानं सेटिंगमध्ये शिरून गेमला एका वेळी दोनच कोअर मोकळे ठेवले होते, तेही शेवटाकडून!

"नियमच हाय. आधी टेल, मंग हेड."

सोळा जण राबायला उभे असताना चौदा जणांना घरी बसवायचं, आणि वर मला बारामतीची धमकी. खात्यानं या माणसाच्या हाती कालवा कसा दिला असेल, देव जाणे. मी कपाळाला हात लावला आणि सगळे कोअर मोकळे केले.

सोळाही चौकोन हलू लागले. पाणी चारीतून सरकत गेलं, न अडकता शेवटच्या शेतात शिरलं आणि शेत हिरवं झालं. तात्या खुर्चीतून उठून उभे राहिले. त्या शेताला त्यांनी नाव दिलं होतं, 'अण्णा'.

"हे कोण?"

"थोरला भाऊ. नरसिंहपूरच्या अंगाला रान हाय, चारीच्या टोकाला. मी ड्युटीवर व्हतो, हेडवाल्यांनी दारं फोडली, पाणी पोचलंच न्हाय. त्यो म्हणला, भाऊ कालव्यावर आन माजाच ऊस जळाला. अकरा वर्सं झाली, बोलत न्हाय."

एवढं सांगून त्यांनी फोन लावला. स्पीकर चालू होता.

"अण्णा, शंकर बोलतोय. पाणी पोचलं बगा टेलला."

पलीकडून खोकल्याचा आवाज आला.

"आता काय करायचंय त्याचं?" एक जड आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस मी या माणसाची टर उडवत होतो. त्यांच्याकडं बघायची हिंमत होईना. शेवटी बघितलं, तर तात्या फोन दोन्ही हातांत घट्ट धरून बसलेले, डोळे वाहत होते.

"बोलला," ते म्हणाले. "शेठ, ऐकलंत न्हवं तुमी? बोलला माज्याशी."