तहान आणि अभिजात साहित्य

अभिजात कादंबरी अजरामर असते. तिला मारायला प्रशिक्षित माणूस लागतो. आमच्या मालिका काढणाऱ्या कंपनीत तो मी आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, उशाला घेता येतील अशा जाड कादंबऱ्या मी सहकुटुंब पाहण्याजोग्या करतो. (पद : पटकथालेखक. आई शेजारणींना ‘काहीतरी कापतो’ एवढंच सांगते.)

यंदाच्या कादंबरीत अनाथ मुलगी, दुष्ट काका, कापडगिरणी आणि शेवटी खोकल्याने मृत्यू असा ऐवज होता. अनाथपण मुलांना झेपत नाही, म्हणून आईवडील जिवंत केले. आईवडिलांदेखत काका दुष्ट कसा राहील, म्हणून तो विनोदी झाला. गिरणीच्या जागी बाग आली. मुलीचा तो एकाकी मृत्यू मात्र मी हट्टाने जसाच्या तसा ठेवला. लहानपणी तो वाचून मी ढसाढसा रडलो होतो आणि त्यापायीच या धंद्यात पडलो होतो.

आमचा चाचणीचा नियम सोपा आहे. ऑफिसातल्या सोफ्यावर एक नमुना-कुटुंब बसवायचं. ज्या प्रसंगाला कुणी पाणी प्यायला उठेल, तो कंटाळवाणा समजून काढायचा. (जागतिक साहित्याचा बराचसा भाग असा तहानेने गेला आहे.)

पडद्यावर मुलगी खोकू लागली आणि त्या कुटुंबातले आजोबा उठले. मी पाठोपाठ गेलो. आजोबा रिकामा पेला धरून उभे होते. डोळे डबडबलेले.

“बरं वाटत नाही का, आजोबा?”

“तसं नाही हो. त्या पोरीजवळ बसायला कुणीच कसं नाही? आणि नातवंडांसमोर रडू कसा मी? मला एकट्याला परत दाखवाल का?”

मला भरून आलं. मी धावतच निर्मात्याकडे गेलो.

“साहेब, आजोबा रडतायत! प्रसंग जमलाय!”

“ते राहू दे. उठले की नाही?”

“उठले, पण...”

“मग काढ.”

मी तत्त्वाचा माणूस आहे. नोकरी टिकवणे हे ते तत्त्व. प्रसंग काढला. आता मुलीला खोकल्याऐवजी उचकी लागते आणि हवापालटासाठी ती मावशीकडे जाते. मशीन बिघडलंय, असं आजोबांना सांगितलं. ते बिचारे ‘असू दे, असू दे’ म्हणत गेले.

मालिका तुम्ही पाहिलीतच. तुमच्या घरातलं कुणीही शेवटपर्यंत जागचं हललं नाही, आणि सकाळी उठल्याउठल्या ‘सहकुटुंब पाहिली, फार आवडली’ असं तुम्ही कळवलंतही. साहेबांनी माझी पाठ थोपटली. गाढ झोपलेल्या माणसाला तहान लागत नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका; तुमच्याच पसंतीवर मला बढती मिळाली आहे.