पहिलं ताट

आमच्या नात्यात लग्न कुणाचंही असो, पहिलं ताट नामदेवमामांचं. नवरदेव अजून घोड्यावर, आणि मामा आचाऱ्यांच्या गर्दीत पाट टाकून जेवायला बसलेले. बरं, जेवल्यावर माणसानं विडा खावा, आडवं व्हावं. मामा पंगतीच्या तोंडाशी खुर्ची टाकून स्वतःच्या मनगटाची नाडी धरून बसत. "दुसऱ्या फेरीसाठी जागा होते का पाहून राह्यले," असं आम्ही भाचेमंडळी म्हणायचो.

मामा मूल गावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मलाही त्यांनीच शिकवलं. मी पुढे बँकेत चिकटलो, यावरून काय ते समजा. निवृत्तीनंतर विद्यार्थी संपले, तेव्हा त्यांनी लोकांची स्वयंपाकघरं धरली. बाजारात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, दिसू लागले की मामांची फेरी सुरू. "पाणी फेकलं काय?" हाच त्यांचा नमस्कार. चुलीवर काही उकळताना दिसलं की झाकण काढलंच. "उडू द्या त्याले!" त्याले म्हणजे सायनाइडला. एकदा सवयीनं आमच्या भाताचंही झाकण काढून गेले. बायकोनं तो अर्धाकच्चा भात मला वाढला. मामा माझे ना!

"झाड बदमाश नसते रे," ते समजावत. "बांबू दोन डबे अलग ठेवते. एकात सायनाइड साखरेले बांधलेलं, दुसऱ्यात त्याची गाठ सोडणारं एन्झाइम. आपापल्या जागी दोघंई गुणी. कापलं, चावलं, का दोघांची भेट होते अन् जहर सुटते. आता तुही माय अन् तुही मामी पाहा."

"पाहाते ना," माझी आई बाजूलाच बसलेली असे. "दोन डब्यांच्या मधात हे बूच!"

मामी मुलचेऱ्याकडची, बांबूच्या रानाला लागलेल्या गावची. वास्ते तिच्या माहेरची भाजी. पण मामा तीनदा उकळून तीनदा पाणी फेकायला लावत. "लग्न झालं तवापासून वहीचे कागद खाऊन राह्यली मी," ती म्हणे.

गेल्या पावसाळ्यात मामी तापानं पडली. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. पेज नको, खिचडी नको. ती काडीसारखी झाली. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, पण पोटात अन्न जाऊ द्या. मामी म्हणाली, "मायसारखे वास्ते द्या. थोडे कडू."

मी भेटायला गेलो, तर मामा स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होते. कढईत वास्ते, झाकण काढलेलं. पाणी एकदाच फेकलेलं. मला रागच आला.

"मामा, मामी उपाशी, अन् तुम्ही आधी?"

"चूप बस." ताट पुसून खाल्लं आणि नाडी धरली. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. कपाळावर घाम. पंगतीच्या तोंडाशी बसायचे तसेच बसले होते, अगदी तसेच. मीही त्यांच्या शेजारी घड्याळाकडे पाहत बसलो.

आतून बारीक आवाज आला, "जित्ते आहा का जी?"

"हाव."

"मंग आना ना इकडं. दरसाली याइचं असंच आहे रे, बापू. नवी होती तवा वाटलं, काय हावरा नवरा भेटला मले."

मामा उठले. दुसरं ताट वाढून तिच्या उशाशी बसले, घास केला, तिच्या तोंडात दिला. ती बराच वेळ चावत राहिली.

"कडू आहे," ती म्हणाली.

मामांचा हात ताटावरच थांबला. "अजून एक पाणी फेकू काय?"

"फेकसान तर पाहा," मामी म्हणाली, आणि तिनं पुन्हा तोंड उघडलं.