टेम्पो पाठवलास काय?

कॉम्प्युटरने चूक दाखवली की उभं राहायचं आणि ती मोठ्यानं वाचायची, हा घरत सरांच्या क्लासचा पहिला नियम. पुटपुटलेलं चालत नसे. रोह्याच्या बाजारात औषधांच्या दुकानावरच्या माडीत आमचा क्लास भरायचा. मी एकदा उभी राहून "अनडिफाइन्ड सिंबॉल!" असं खणखणीत वाचलं, तर खालचा दुकानदार जिना चढून वर आला. म्हणाला, "हे औषध आपल्याकडं नाय. पनवेलवरून मागवावं लागेल."

सर पेणच्या रामवाडीत राहायचे आणि रोज एसटीने रोह्याला यायचे. बारीक अंग, पांढरा हाफशर्ट, आणि कॉम्प्युटर क्लास असूनही खिशात खडू. लाइट गेली की आधी मशीनवर चादर घालणार, मग मेणबत्ती शोधणार. 'एरर' हा शब्द त्यांना खपत नसे. ते त्याला 'निरोप' म्हणायचे. "मशीन बिचारं निरोप देतंय आणि तुम्ही घाबरताय! वाचा की!"

सी भाषेत प्रोग्राम लिहायला तेव्हा एक निळी खिडकी मिळायची. तिच्यात लिहायचं, एक बटण दाबायचं, झालं काम. बाकीच्या क्लासात तेच शिकवत. सरांना मात्र ती खिडकी नुसती दिसली तरी कपाळावर आठी. "आत कोण काय करतं, दिसतंय काय तुला? काळ्या पडद्यावर ये. सगळी आज्ञा हातानं टाइप कर."

पहिल्यांदा वर्तुळ काढायला बसले तेव्हा मी पुरती अडकले. वर्तुळ काढणारं फंक्शन आपण लिहायचं नसतं, ते लायब्ररीच्या फाइलीत तयार असतं. त्या लायब्ररीत काय काय आहे ते सांगणाऱ्या फाइलीचं, म्हणजे हेडरचं, नाव मी प्रोग्रामच्या डोक्यावर बरोबर लिहिलं होतं. तरी निरोप आलाच.

"सुलभा, तुझ्या हळदीला बेंजो हाय असं पत्रिकेत छापलंस," सर म्हणाले. "पण बेंजोवाल्याला आणायला टेम्पो पाठवलास काय गो?"

मी पडद्यावर टेम्पो शोधू लागले.

"हेडर म्हणजे पत्रिका. वाजवणारा बसलाय लायब्ररीत. प्रोग्रामला लायब्ररी जोडताना आज्ञेच्या शेवटी लायब्ररीचं नाव आणि ती राहते कुठं तो पत्ता दे, तर तो मांडवात येईल!"

नाव, पत्ता टाइप केला आणि पडद्यावर गोल उमटला. त्या दिवसापासून "टेम्पो पाठवलास काय?" हे क्लासचं घोषवाक्य झालं. आमच्या क्लासातले पांडूभाऊ जवळच्या धाटावच्या कंपनीत ऑपरेटर. पहिली शिफ्ट करून ते थेट क्लासला यायचे आणि बसल्या जागी डुलक्या काढायचे. सर त्यांच्या कानाशी जाऊन ओरडायचे, "भाऊ, टेम्पो आला!" पांडूभाऊ दचकून उठायचे आणि चप्पल शोधायला लागायचे.

मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. वडिलांनी स्थळं बघायला घेतली होती. नोकरी लागली तर थांबू, नाहीतर दिवाळीनंतर बोलणी, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. तेवढ्यात पांडूभाऊंनी बातमी आणली, की त्यांच्या कंपनीत कॉम्प्युटर विभागासाठी माणूस हवाय.

परीक्षेला बाहेरगावची पोरंही आली होती, इस्त्रीच्या कपड्यांत. काम एकच. टाकी आणि तिच्यातली पातळी पडद्यावर काढून दाखवायची. ज्याने त्याने निळ्या खिडकीत बटण दाबलं आणि ज्याला त्याला एकच निरोप आला. एकजण म्हणाला, मशीनमध्ये व्हायरस आहे. दुसऱ्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. निरोप जागच्या जागी.

माझी पाळी आली. मीही बटण दाबलं, निरोप आला, आणि सवयीने मी ताडकन उभी राहून तो मोठ्यानं वाचला.

साहेबांच्या हातातला चहा हिंदकळला. "ओरडायला काय झालं?"

"ओरडत नाही सर, वाचतेय. प्रोग्राम बरोबर आहे. बेंजोवाल्याला टेम्पो गेलेला नाही."

साहेब काही बोलायच्या आत मी काळ्या पडद्यावर आले. लायब्ररीची फाइल शोधली, तर ती भलत्याच फोल्डरमध्ये बसलेली. आज्ञेच्या शेवटी तिचा पूर्ण पत्ता लिहिला आणि एंटर मारलं. मशीन जरा घुरघुरलं. या वेळी निरोप नाही. प्रोग्राम चालवला तशी टाकी उभी राहिली आणि पातळी हळूहळू वर चढू लागली. इस्त्रीवाली पोरं माना उंचावून बघत होती. साहेबांनी पातळी काठोकाठ भरेपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, "कधीपासून येता कामावर?"

रविवारी मी आणि पांडूभाऊ पेढे घेऊन, न कळवता, रामवाडीत सरांच्या घरी गेलो. सरांनी दार उघडलं ते बनियनवर, हात पिठाने माखलेले. आम्हाला बघून ते चक्क गडबडले. असे सर मी कधी पाहिले नव्हते.

आत खाटेवर उशांना टेकून सरांच्या पत्नी, काकू, बसल्या होत्या. अर्धांगाने उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सर रोह्याला असले की शेजारच्या बाई त्यांच्याजवळ बसायच्या. खाटेसमोर टेबलावर एक जुना कॉम्प्युटर होता.

"हिला मराठीच वाचता येतं आणि मशीनला मराठी येत नाय," सर घाईघाईने शिकवल्यासारखं सांगू लागले. "मग एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यानं मीच काढलं. त्यांची लायब्ररी केली. आता नवा शब्द पाहिजे तर नुसता जोडायचा."

काकू डाव्या हाताने त्या त्या शब्दाचं बटण दाबायच्या, टीं असा आवाज व्हायचा आणि पडद्यावर मोठा शब्द यायचा. पाणी. पंखा. कूस बदला. स्वयंपाकघरात सरांना ऐकू जावं म्हणून तो आवाज.

काकूंनी बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'जेवलात?'

"हो काकू, जेवूनच निघालो," मी म्हणाले.

सर हसले. "तुम्हाला नाय, ती मला विचारतेय. मी पहिला शब्द पाणी केला, दुसरा दुखतंय केला. तर ही आपली माझ्या ताटाकडंच बोट दाखवतेय. मग हा केला. सगळ्यात जास्त हाच चालतो. बघ, बटणावरचं अक्षर पार पुसलंय."

मग ते खाटेजवळ वाकले आणि वर्गात कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "जेवतो गो. पोरांना चहा देतो नि जेवतो."

काकूंनी त्यांच्याकडे बघत तेच बटण पुन्हा दाबलं.

टीं.

सरांनी आमच्याकडे पाहिलं, हात धुतले आणि मुकाट्यानं ताट वाढून घेतलं.